मूठभर भंडारा आणि मालकांची हाळी

सगळ्यात पहिले कोण आलं, सांगू का? आमची साखराबाई, माझी धाकटी जाऊ. कार्यक्रम चारचा, अन् ही दोन वाजताच पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर पिशवी ठेवून बसलेली. मी म्हणलं, "बाई, अजून कडूबाचा मंडप उभा व्हायचाय, तू काय बांबू मोजायला आली?" तर म्हणे, "आक्का, तुमचं भाषण हाय. मागं बसले तर खुणा कशा करू? तुम्ही वाहावत गेल्या की मी नाकाला हात लावीन." तिच्या पाठोपाठ पुंजारामबाबा आले. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून ते भोंग्याच्या खाली बसले आणि कडूबानं "हॅलो, हॅलो" केलं तसे टुणकन उडाले. त्यांच्यानंतर...

बघा, साखराबाईनं नाकाला हात लावला. काकासाहेबही घड्याळाकडं पाहून राह्यले. गुरुजींनी मला बजावलं होतं, आधी व्यासपीठ, मंग गोष्टी. चुकलं माझं. पहिल्यापासून धरते.

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या बोरवाडीचे सरपंच माननीय काकासाहेब; प्रमुख पाहुणे, ज्यांनी या शाळेत आपल्या दोन पिढ्यांचे कान पिळून त्यांना शहाणं केलं ते मुख्याध्यापक आदरणीय रामराव गुरुजी; ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या आपल्या सत्कारमूर्ती मृणालताई आणि मच्छिंद्र सर; माईकचे आणि जनरेटरचे मालक कडूबा; समोर बसलेल्या सगळ्या आया-बहिणी, दादा, बाबा, लेकरं; आणि पहिल्या रांगेत उजव्या हाताला, नवी घोंगडी पांघरून बसलेले आमचे मालक. तुम्हा साऱ्यांना जयवंताबाईचा रामराम.

मी शिकलेली बाई न्हाई. दुसरीपर्यंत शाळेत गेल्ते, मंग घरात मेंढरं वाढली आणि माझी शाळा सुटली. आकडे मला येतात, अक्षरं जुळवून वाचते. अशा बाईला तुम्ही या माईकपुढं उभं केलं, हा तुमचा मोठेपणा. आता माझी जीभ कुठं जाईल याची जबाबदारीही तुमचीच.

मृणालताई आपल्या गावात पहिल्यांदा उतरल्या त्याला दीड वर्ष झालं. खांद्याला एक काळी पिशवी, पिशवीत लॅपटॉप. आम्हाला वाटलं, रेशनकार्डाचं काम असंल. निम्मं गाव कागदं घेऊन धावलं. ताई म्हणाल्या, "मला कागद नकोत, तुमचं बोलणं पाहिजे." पुण्याच्या त्यांच्या संस्थेला मेंढपाळांच्या वाटा लिहून ठेवायच्या होत्या. दिवाळी झाली की आपण मेंढरं घेऊन कुठून कुठं जातो, पाणी कुठं लागतं, कोणत्या गावचे लोक शेतात बसू देतात, मेंढरांना काय आवाज देऊन बोलावतो. आता तुम्हीच सांगा, आपल्या बोलण्याला कोणी कधी विचारलं होतं? आपण बोलायला लागलो की माणसं म्हणतात, बाजूला व्हा, बस येऊन राह्यली.

ताई आमच्या ओसरीवर राहिल्या. भाकरी त्यांना गोल जमली न्हाई, अजूनही जमत न्हाई. पण खाण्यात कधी नखरा केला न्हाई. पुंजारामबाबांनी त्यांना तीन दिवस सलग फक्त एका खोंडाची गोष्ट सांगितली, तीही त्यांनी बराबर ऐकली. या एका गोष्टीसाठीच त्यांचा सत्कार व्हायला पाहिजे होता.

आमच्या मालकांचं त्यांनी सगळ्यात शेवटी घेतलं. दिवाळीच्या आधी, सलग अकरा दिवस. मालक सुरुवातीला म्हणले, "मी काय बोलू? मी मेंढरांशीच बोलतो." ताई म्हणल्या, "मग तेच द्या, अण्णा." मंग त्यांनी हाळी दिली. ज्यांनी ऐकली त्यांना सांगायला नको. नवीन लेकरांसाठी सांगते, हाळी म्हणजे मेंढरांना बोलवायचा आवाज. प्रत्येकाची वेगळी. दहा कळप एका पाण्यावर मिसळले तरी मालकांनी हाळी दिली की आपली मेंढरं दुसऱ्याच्या पोटाखालून वाट काढून येणार. आधी लांब हुर्रर्र, मंग थोडं थांबायचं, आणि मंग वर चढणारा हाऽऽ. मला लग्न झाल्यापासून त्या हाळीवरूनच कळायचं की आता चूल पेटवावी.

दिवाळीनंतर आठव्या दिवशी सकाळी मालक उठले ते तोंड वाकडं आणि उजवा हात लुळा. जालन्याला दवाखान्यात बारा दिवस काढले. हात बऱ्यापैकी आला, पाय आला, बोलणं न्हाई आलं. डॉक्टर म्हणले, येईल, सराव पाहिजे, धीर पाहिजे. धीर आम्ही धरला. पण मेंढरांना धीर कुठून सांगायचा? माझा लेक मल्हारी हाळी देऊन देऊन घसा बसवून घ्यायचा, अन् मेंढरं मान वर करून त्याच्याकडं अशी पाहायची की, तू कोण रे बाबा? औंदा आमची मेंढरं गाव सोडून बाहेर गेलीच न्हाईत. मालक खाटेवरून ते पाहायचे आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचे. जेवणही सोडत चालले होते.

त्यांचा आवाज आता एकाच जागी शिल्लक होता, ताईंच्या लॅपटॉपात. आधीच्या सगळ्यांची बोलणी ताईंनी सीडीवर करून पुण्याला पाठवली होती. शेवटची काही राहिली होती. त्यात पुंजारामबाबांची होती, आणि मालकांचे अकरा दिवस होते.

साखराबाई, नाकाला हात लावू नको. आता खरी गोष्ट येऊन राह्यली, आणि ती मी आज पहिल्यांदा सांगून राह्यले.

मार्गशीर्षात ताई चार दिवस पुण्याला गेल्या. लॅपटॉप आमच्या भिंतीतल्या देवळीत ठेवून, चार्जिंगला लावून, चालूच. म्हणल्या, "आजी, यात काम चालू आहे, बंद करू नका, पाणी लागू देऊ नका, उंदरापासून सांभाळा." मी उंदरापासून सांभाळला. पाण्यापासून सांभाळला. पण मधे चंपाषष्ठी आली. आपल्यात चंपाषष्ठीला काय करतात हे मी तुम्हाला काय सांगू? खंडोबापुढं तळी भरतो, आणि ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्या सगळ्या वस्तूंवर भंडारा टाकतो. लोकर कातरायची कातर, काठी, घोंगडी. मी कातरीवर टाकला, काठीवर टाकला. मंग देवळीपुढं आले. आतमध्ये माझ्या मालकांचा आवाज. त्याला देवाचं काहीच न्हाई लागायचं?

बाकीच्यांना चिमूट चिमूट दिला होता. त्याला मी मूठभर दिला. नीट, डोळे मिटून, त्याच्या जाळीजाळीवर. म्हणलं, देवा, बाहेरचा नेला, हा तरी राख.

तुम्ही हसून राह्यले. हसा. मीही आता हसते. त्या दिवशी मात्र त्याच्या आतला पंखा तो भंडारा पोटभर ओढून घेत होता आणि मला वाटत होतं, देव मान डोलवून राह्यला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप तव्यासारखा तापला आणि बंद पडला. ताई आल्या, चालू केला, परत बंद. चालू, बंद, असं दहा वेळा. शेवटी निळा पडदा आला, त्याच्यावर पांढरी अक्षरं. ताईंचा चेहरा त्या पडद्यासारखाच झाला. त्या ओसरीवर बसून म्हणल्या, "आजी, अण्णांचं अजून पाठवलं नव्हतं हो मी." मी भाकरी थापत राह्यले. इतकी थापली की तिला भोक पडलं.

ताई त्याच बसनं नवीन डिस्क आणायला परत पुण्याला गेल्या, आणि त्यांच्या फोनवरून तिसऱ्या दिवशी मच्छिंद्र सर आले. संस्थेतले लॅपटॉपचे डॉक्टर. सरांनी आल्या आल्या चहासुद्धा घेतला न्हाई. मांडी घालून बसले, बारीक पेचकस काढला, लॅपटॉप पालथा केला आणि झाकण उघडलं. आतून पिवळी धूळ अशी भसकन पडली. सर म्हणले, "ही हळद कुठून आली?" मी साखराबाईकडं पाहिलं. साखराबाईनं छपराकडं पाहिलं आणि म्हणली, "उंदीर फार झालेत."

सरांनी तेव्हा एक शब्द विचारला न्हाई. ब्रशनं पंखा झाडला, फुंकर मारली. लॅपटॉप थंड झाला, पण निळा पडदा हटेना. सर म्हणले, "आजी, याचं विंडोज बिघडलंय. नवीन टाकावं लागेल." मंग जालन्याला फोन लावून जुन्या जालन्यातल्या एका दुकानदाराला विचारलं. त्याचा आवाज फोनमधून मलाही ऐकू आला. "फॉरमॅट मारून टाका ना साहेब, अर्ध्या घंट्यात काम खतम." मी विचारलं, "सर, फॉरमॅट म्हणजे काय?" सर म्हणले, "सगळं पुसून पाटी कोरी करायची."

मी उठले, लॅपटॉप उचलला आणि पदराखाली घेतला. म्हणलं, "सर, तुम्ही पाहुणे. जेवा, राहा. पण ही पाटी कोरी होणार न्हाई."

सर हसले. म्हणले, "आजी, मेंढरांचा वाडा मोडला तर तुम्ही काय करता?" मी म्हणलं, "आधी मेंढरं बाहेर काढून दुसरीकडं बसवतो, मंग नवी जाळी लावतो." सर म्हणले, "मी तेच करणार आहे. आधी मेंढरं बाहेर." तेव्हा मी पदर सोडला. शिकलेल्या माणसानं आपल्या कामाच्या शब्दात समजावून सांगावं, हे किती जणांना जमतं, सांगा बरं?

मेंढरं बाहेर काढायची म्हणजे लॅपटॉपातली डिस्क काढून एका डबीत बसवायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. गावात दुसरा कॉम्प्युटर एकच, या शाळेतला. गुरुजींनी बेधडक किल्ली काढून दिली आणि स्वतः मीटिंगसाठी भोकरदनला गेले. खोलीत सर, मी आणि साखराबाई. मल्हारी मेंढरांमागं. तेव्हा सकाळचे दहा वाजून गेल्ते. अकराला लाईट जायची, ती किती घड्याळ लावून जाते ते तुम्हाला माहीतच आहे.

डिस्क लागली, पण ती आचके द्यायला लागली. टिक टिक करायची, थांबायची. सर म्हणले, "तापून तापून थकली आहे. लाईट गेली तर परत उठेल का, सांगता येत नाही. सगळं निघायला दोन तास लागतील, आपल्याकडं चाळीस मिनिटं आहेत. अण्णांचं आधी काढतो. नावानं ठेवलंय सगळं. लवकर सांगा, अण्णांचं नाव काय?"

बायांनो, तुम्ही आताच तोंडाला पदर लावला, म्हणजे तुम्हाला कळलं. मालकांचं नाव मी चाळीस वर्षांत तोंडानं घेतलेलं न्हाई. गावात सगळे अण्णा म्हणतात, ताईही अण्णाच म्हणायच्या. सर नवे, त्यांना कुठून माहीत असणार? मी साखराबाईला ढोसलं, "तू सांग." ती म्हणे, "मी? माझे भाया हायेत ते, थोरले दीर. मी कसं घेऊ?" दोघी जणी एकमेकींना ढोसून राह्यलो आणि तिकडं डिस्क टिक टिक करून राह्यली. सर म्हणले, "आजी, वेळ जातोय हो!" साखराबाई म्हणली, "आक्का, लग्नात घेतलं होतं तसं घ्या." मंग मी पदर डोक्यावर घेतला, उभी राहिले, आणि शाळेच्या त्या खोलीत म्हणलं:

काळ्या घोंगडीला पांढऱ्या सुताची किनार,
धुळाजीरावांची हाळी ऐकून थांबतं सारं शिवार.

सर म्हणले, "आजी, कविता नंतर. नाव सांगा." साखराबाई ओरडली, "अहो सर, त्यातच हाय की!"

धुळाजी. सापडलं. पडद्यावर कागदं या घरातून त्या घरात उडायला लागली. मी एक डोळा कागदांवर, एक डोळा पंख्यावर ठेवला, कारण पंखा थांबला की लाईट गेली. अकरा वाजले. पंखा फिरूनच राह्यला होता. अकरा वाजून चार मिनिटांनी सर म्हणले, "अण्णा आले." आणि पंखा थांबला.

तुम्ही म्हणाल, संपलं. न्हाई संपलं. दुसऱ्या दिवशी ताई नवीन डिस्क घेऊन आल्या. सरांनी शाळेत परत प्रयत्न केला, जुन्या डिस्कनं बाकीचंही दिलं, दोन सोडून. एक होतं पावसाच्या आवाजाचं. दुसरं पुंजारामबाबांच्या खोंडाचं. बाबांना सांगितलं तर म्हणले, "जाऊ द्या. परत सांगतो. मागच्या वेळी घाईतच सांगितली होती." ताईंनी तेव्हा जो श्वास घेतला तो मी विसरणार न्हाई.

मंग नवी जाळी लावायची, म्हणजे नवी डिस्क बसवायची. तिच्यात विंडोज टाकायला तासभर न जाणारी लाईट पाहिजे. आपल्या गावात अशी लाईट फक्त लग्नात असते. कडूबा म्हणला, "लग्न समजा." भर दुपारी जनरेटर आमच्या दारात आणून धडधडवला. निम्मं गाव जमा झालं. लॅपटॉपात सीडी फिरायला लागली आणि पडद्यावर आकडा आला, एकोणचाळीस मिनिटं. आकडे मला येतात, मी मोजायला बसले. पण ती मिनिटं आपल्या एसटीसारखी होती. एकोणचाळीसवर उभी ती उभीच. मंग एकदम तेहतीस. मंग परत थांबा. मालकांना मी खाटेसकट जवळ आणलं होतं. त्यांना काही सांगितलं नव्हतं. ते नुसते पाहत होते.

झालं. निळा पडदा गेला, हिरवं कुरण आणि वर आभाळ आलं. साखराबाई म्हणली, "चराई चांगली हाय." सरांनी मालकांचे अकरा दिवस परत आत आणून ठेवले. पहिला चालू केला. कडूबानं जनरेटर बंद केला. पडद्यावर एक रेघ पुढं सरकायला लागली. रेघ सरकून राह्यली, सरकून राह्यली, आणि आवाज काहीच न्हाई.

म्हणलं, इथूनही गेला. माझ्याच मुठीनं गेला.

सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि जे म्हणले ते मी आज या माईकवरून मुद्दाम सांगते. "आजी, आवाज गेलेला नाही. आत आहे, सगळा आहे. ही रेघ चालते ना, तो बोलतोच आहे. फक्त यंत्राला तो बाहेर काढायचं अजून शिकवलेलं नाही. ते एक छोटं काम राहिलंय." असं म्हणून ते लगेच बसनं भोकरदनला नेट कॅफेत गेले, ते काय लागतं ते आणायला. आणि मी मालकांकडं पाहिलं. मालक सरांच्या पाठीकडं पाहत होते. बस दिसेनाशी झाली तरी पाहत होते. त्या दिवशी त्यांनी भिंतीकडं तोंड केलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं अजून आमच्या मागच्या वावरात बसलेली होती. सरांनी ते बसवलं, दोन वेळा बंद-चालू केलं, आणि बोट दाबलं.

हुर्रर्र... हाऽऽ.

तुम्ही सगळे होता, मी काय सांगू. वावरातली सगळी मेंढरं एकदम उभी राहिली. पहिल्यांदा म्हातारी कानकापी मेंढी निघाली, मंग तिच्यामागं साऱ्या, आणि कुंपणाला येऊन भिडल्या. मल्हारी कुंपण धरून लेकरासारखा रडला. आणि खाटेवरून मालकांनी डावा हात वर केला, तोंड उघडलं आणि घशातून एक खरखर काढली. ती काही हाळी नव्हती. पण गेल्या दीड महिन्यात त्यांनी काढलेला तो पहिला आवाज होता. सर म्हणले, "हं. इथं पण तेवढंच काम राहिलंय."

तेव्हापासून रोज सकाळी ताई लॅपटॉप लावतात आणि मालक स्वतःच्याच मागं म्हणतात. आपलं आपणच शिकायचं. डॉक्टर म्हणले, हे फार चांगलं केलं. आज हुर्रर्र बिलकुल पहिल्यासारखा होतो. हाऽऽ अजून व्हायचाय. आता ताई जाऊन राह्यल्या, म्हणून त्यांनी मल्हारीच्या मोबाईलमध्ये हाळी टाकून दिली आहे.

ताई, सर, इतके दिवस तुम्ही विचारलं न्हाई आणि मी सांगितलं न्हाई. तो भंडारा उंदरानं टाकला नव्हता. मी टाकला होता. या सगळ्या गावासमोर मी तुमची...

काय म्हणता ताई? माहीत होतं? कधीपासून? ... ऐका मंडळी, ताई म्हणून राह्यल्या, उंदीर भंडारा मुठीनं टाकत न्हाईत. आणि सरांनी तो भंडारा झाडला तेव्हाच कागदात बांधून ठेवला होता, तो ताईंनी आणलाय! ही बघा पुडी. आणा ताई, इकडं आणा. वाकून घ्या. ही चिमूट तुम्हाला. ही सरांना. चिमूटच देते, घाबरू नका.

तर शाल काही आम्ही आणली न्हाई. मालकांनी निवडलेल्या लोकरीच्या या दोन घोंगड्या आहेत, त्या गावातर्फे काकासाहेब तुमच्या खांद्यावर घालतील. पुण्यात कोणी हसलं तर हसू द्या, थंडीत तेच मागायला येतील.

काकासाहेबांनी मला वेळ दिला, गुरुजींनी किल्ली दिली, कडूबानं जनरेटर दिला, साखराबाईनं उंदीर दिला, या सगळ्यांचे उपकार मी मानते. बोलता बोलता कोणाचं नाव राहिलं असंल, कोणाचं नको ते सांगून बसले असंल, मान द्यायच्या जागी हसू आलं असंल, तर म्हातारीचं समजून पोटात घाला. मालक, चारचौघांत तुमचं नाव घेतलं, तेही माफ करा. तुम्ही हसून राह्यले, म्हणजे केलंच.

ताई आणि सरांनी पुंजारामबाबांच्या खोंडासाठी परत यायचं कबूल केलं आहे. दिवसही ठरला आहे, मागं फिरायचं न्हाई. येत्या चंपाषष्ठीला, भोकरदनहून येणाऱ्या पहिल्या बसनं. फाट्यावर उतरलात की जागेवरच थांबा, चालायला लागू नका. हाळी ऐकू येईल, पुरी, हाऽऽ सकट. मंग या.